राहीची पकड

राही मुकणे एका जागी टिकत नाही, हे खोडाळ्याजवळच्या त्यांच्या कातकरवाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. लहानपणी ती आश्रमशाळेतून दोनदा पळून आली. कुणी मारलं म्हणून नाही की जेवण मिळत नाही म्हणून नाही. विचारलं तर म्हणाली, "बसून बसून पाय दुखले." तरी दहावीपर्यंत रेटलं. एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं आणि आठ महिन्यांनी एका सकाळी ती कपड्यांचं गाठोडं घेऊन आईच्या दारात उभी. नवरा पीत नव्हता, हात उगारत नव्हता. दोनदा न्यायला आला, ओट्यावर बसून चहा प्याला आणि मुकाट परत गेला. रामीनं, तिच्या आईनं, कपाळाला हात लावला. "हिच्या पायाला भिंगरी बांधूनच धाडली हाय," एवढंच म्हणाली आणि तिच्यासाठी भाकर थापली.

त्यानंतर राही कधी वीटभट्टीवर, कधी नाशिककडे द्राक्षांच्या कामावर, कधी रस्त्याची खडी टाकायला. वाडीला स्वतःची जमीन नव्हतीच, त्यामुळे फिरणं कुणाला चुकलं नव्हतं. पण बाकीचे पोटासाठी फिरत. राहीला काम मिळालं, बरोबरच्या बायका चांगल्या मिळाल्या, तरी दोन महिन्यांत तिचे पाय वळवळायला लागायचे आणि ती निघायची.

तेविसाव्या वर्षी, पावसाळा सरता सरता, खोडाळ्याच्या बाजारात एका म्हाताऱ्याचा बोकड दावं तोडून सुटला. मिरच्यांच्या ढिगातून, भांडीवाल्याच्या पथारीतून तो उधळत निघाला. लोक नुसते हात पसरून आरडाओरडा करत होते. राही मीठ घ्यायला आली होती. तिनं पिशवी टाकली, तिरपी धावली आणि बोकडाच्या कमरेला मिठी मारून त्याला घेऊनच खाली आली. बोकडाला खरचटलंसुद्धा नाही. म्हाताऱ्यानं दावं बांधलं, राहीनं पिशवी झटकली, तोवर एक उंच, काळासावळा, पन्नाशीचा माणूस समोर येऊन उभा राहिला.

"तुझं नाव काय, बाय?" त्यानं विचारलं.

तो वामन भोये. बावीस वर्षं मुंबईत एका मोठ्या मैदानावर गवत राखायचा, चुन्याच्या रेघा मारायचा. त्या मैदानावर एक खेळ चालायचा, रग्बी लीग. रेघा मारता मारता वामनला तो खेळ पाठ झाला, आणि माणसं कमी पडली की खेळाडू त्यालाच आत ओढू लागले. आता तो नोकरी सोडून गावी आला होता आणि पोरींचा संघ बांधत होता. जव्हार, विक्रमगड आणि वाडा इथेही त्याच्यासारख्या खटपट्या लोकांनी संघ काढले होते. नव्या वर्षात चौघांची स्पर्धा ठरली होती. प्रत्येकाशी दोनदा, म्हणजे एकेका संघाचे सहा सामने.

"पकड कुणी शिकवली तुला?" वामननं विचारलं.

"बोकडाची पकड कोण शिकवतो?" राही म्हणाली.

खेळ तिला पहिल्या दिवशीच आवडला, कारण त्यात बसणं नव्हतं. तेरा जणींनी चेंडू हातात घेऊन पळायचं, चेंडू पुढे फेकायचा नाही, बरोबरचीला मागेच द्यायचा. समोरच्यांनी पाडलं की उठायचं, चेंडू पायानं मागे ढकलायचा आणि पुन्हा पळायचं. सहा वेळा पाडलं गेलं की चेंडू त्यांचा. पल्याडच्या रेघेमागे टेकवला की चार गुण, वर लाथेनं दोन खांबांमधून काढला की आणखी दोन. चेंडू दोन्हीकडे निमुळता. पोरी त्याला करांदा म्हणायच्या, रानातल्या कंदासारखा दिसतो म्हणून. गावाबाहेरच्या माळावरचे दगड त्यांनी पंधरा दिवस वेचले. शीला कर्णधार झाली. ती अंगणवाडीत मदतनीस होती. ओरडल्याशिवाय काही होत नाही हे तिला कामातूनच कळलेलं होतं.

दिवाळीनंतर वाडी रिकामी व्हायला लागली. लोक भट्ट्यांवर निघाले. रामीही निघाली. राही पहिल्यांदाच म्हणाली, "मी राहते."

"तू?" रामीनं विचारलं. "दोन महिने तरी टिकशील का?"

राहीनं आईचं गाठोडं आवळून बांधलं. तिलाही ते माहीत नव्हतं.

जानेवारीत स्पर्धा सुरू झाली, दर दुसऱ्या रविवारी एक सामना. विक्रमगडनं त्यांना चौतीस-चार असं हरवलं. वाड्यानं अठ्ठावीस-दहा. परतीच्या जीपमध्ये पोरी गुडघे चोळत बसल्या होत्या. राही मात्र आत बसेना. मागच्या पायरीवर उभी राहून तिनं सगळा घाट पार केला. वामनदादा पुढून म्हणाला, "चार होते, आता दहा झाले. वाढतंय." कुणी हसलं नाही.

तिसरा सामना जव्हारशी, खोडाळ्याच्याच माळावर. आसपासच्या पाड्यांतून माणसं आली होती, म्हातारे दगडांवर बसले होते. त्या दिवशी सगळं जुळून आलं. शीलानं दोनदा चेंडू टेकवला, दोन्ही वेळा लाथा बरोबर बसल्या. बारा-दहा अशी खोडाळ्याची आघाडी, आणि शेवटची दोन मिनिटं उरलेली. जव्हारची एक पोरगी कडेनं सुटली. लांब पायांची, केस घट्ट बांधलेली. तिच्यासमोर फक्त राही. राही तिरपी धावली, खांदा तिच्या कमरेत घातला, दोन्ही हात आवळले आणि तिला घेऊन खाली आली. ती पोरगी खांद्यावर पडली. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज राहीच्या कानाशी आला.

पंचानं शिट्टी वाजवली. पकड नियमात होती, त्यानं तसं हातानं दाखवलंही. ती पोरगी ओरडली नाही. उजवा हात छातीशी धरून ती बसून राहिली आणि तिचा चेहरा राखेसारखा झाला. तिला जीपमध्ये बसवून जव्हारला दवाखान्यात नेलं. उरलेलं दीड मिनिट कसंबसं खेळलं गेलं आणि खोडाळा जिंकला. संघाचा तो पहिला विजय. कुणीतरी आधी ठरवल्याप्रमाणे तारपा वाजवायला सुरुवात केली, पण पोरी राहीकडे बघायला लागल्या, आणि वाजवणारा आपसूक थांबला.

दुसऱ्या दिवशी शीला वाडीत आली. पोरीचं नाव प्रगती वारघडे, ती सूर्यमाळच्या एका पाड्यावरची. जव्हारला वसतिगृहात राहून कॉलेज करते. गळ्याखालचं हासळीचं हाड मोडलंय. हात बांधून घरी पाठवलीय. हे सगळं सांगूनही शीला उठेना.

"अजून काय?" राहीनं विचारलं.

"पोलीस भरतीत होती ती. वीस दिवसांवर मैदानी चाचणी आली होती तिची, पालघरला. धावणं, गोळाफेक. दोन वर्षं तयारी करत होती म्हणे."

राही उठून उभी राहिली. पुन्हा बसली. पुन्हा उठली. "मी नियमात पकडलं होतं," ती म्हणाली.

"कोण नाय म्हणतंय?" शीला म्हणाली.

तेच तर होतं. कुणीच काही म्हणत नव्हतं. शिवी दिली असती तर राहीनं उलटून दिली असती आणि विषय संपला असता. ते दोन आठवडे तिला सरळ गेले नाहीत. सरपणाला गेली तर मोळी न बांधताच परत यायची. नदीवर कपडे घेऊन जायची आणि अर्धेच धुवून निघायची. वाडीत उरलेल्या म्हाताऱ्या तिला विचारायच्या, "कधी निघतेस गं भट्टीवर?" आणि खरंच, दोनदा तिनं गाठोडं बांधलंही. दोन्ही वेळा फाट्यापर्यंत जाऊन परत आली.

चौथा सामना पुन्हा विक्रमगडशी. समोरून पळत येणारी पोरगी दिसली की राहीच्या कानात तो काटकीचा आवाज यायचा आणि तिचे हात सैल पडायचे. तिघी तिच्या हातांतून निसटून गेल्या. एकीला तर तिनं नुसतं सदऱ्याला धरलं, आणि दोघी विचित्र वळून आपटल्या. खोडाळा छत्तीस-शून्य असा हरला.

वामनदादा तिच्यावर रागावला नाही. माळावरची खांबांची दोरी गुंडाळताना म्हणाला, "अर्धी पकड वाईट. पुरी धरलीस तर समोरचीला कळतं आपण पडतोय, ती अंग सांभाळते. अर्ध्यात दोघींना लागतं. आज त्या पोरीचा पाय जाता जाता वाचला."

"मंग मी खेळत नाय," राही म्हणाली.

"ते तुझं तू ठरव. पण आधी तिला जाऊन बघून ये. इथं माळावर फेऱ्या मारून काय होणार?"

सोमवारी सकाळी राही निघाली. जीपची वाट बघणं तिला जमलं नसतं. डोंगरवाटेनं अडीच तास चालून ती सूर्यमाळला पोचली. विचारत विचारत पाडा सापडला. कुडाच्या घरासमोर एक बाई रिकामे हंडे उचलत होती. ती ठकी, प्रगतीची आई.

"मावशी, मी खोडाळ्याची राही," ती म्हणाली. "माझ्याकडूनच लागलं."

ठकीनं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "बरं मंग?" ती म्हणाली. "आता काय बघायला आलीस?"

राहीनं वाटेत काय काय बोलायचं ते जुळवलं होतं. ते सोडून ती रिकाम्या हंड्यांकडे बघायला लागली. दारात प्रगती येऊन उभी राहिली होती, हात झोळीत, केस मोकळे; एका हातानं बांधता येत नव्हते. ती राहीकडे बघून आत निघून गेली.

पाड्याजवळची विहीर तळाला गेली होती. पाणी खाली दरीतल्या झऱ्यावर. जाऊन येऊन पाऊण तास, वर येताना सगळा चढ. प्रगतीचा बाप भिवंडीकडे कामाला, होळीशिवाय येणार नव्हता. ठकी रोजगार हमीच्या कामावर जायच्या आधी दोन खेपा करायची आणि परत आल्यावर दोन. पोरगी घरी आलेली, पण तिचा हात बांधलेला. राहीनं ते सगळं ऐकून घेतलं, ठकीच्या हातातले हंडे घेतले आणि उतरायला लागली.

"ए," ठकी मागून म्हणाली. "वाट डावीकडून हाय."

त्या दिवशी तिनं सहा खेपा केल्या. रांजण, पिंप, शेजारच्या म्हातारीची घागर, सगळं भरलं. भरायला काही उरलं नाही तेव्हा ती अंगणात उभी राहिली. ठकी कामावरून आली, रांजणात डोकावली. मग जेवायला वाढलं आणि झोपायला गोधडी दिली. राही दुसऱ्या दिवशीही थांबली, आणि तिसऱ्या.

प्रगती तिच्याशी बोलत नव्हती. ओट्यावर बसून भरतीचं जाडजूड पुस्तक मांडीवर घ्यायची आणि पानच उलटायची नाही. चौथ्या दिवशी म्हणाली, "तू किती दिवस राहणार आहेस?"

"माहीत नाय."

"तुझ्या पाणी भरण्यानं माझी भरती परत येणार आहे का?"

"नाय," राही म्हणाली.

"मग कशाला भरतेस?"

"मला बसता येत नाय," राही म्हणाली. "आणि तुला हंडा उचलता येत नाय."

प्रगतीनं पुस्तक मिटलं. धड हातानं तिनं ओट्यावर चढलेली कोंबडी हाकलली. मग म्हणाली, "डोक्यावर चुंबळ नीट ठेव. एका बाजूला कलतेस तू. पाणी सांडतंय सगळं."

मैदानीचा दिवस उजाडला. पालघरला मुली रांगेत उभ्या राहिल्या असतील त्या वेळी प्रगती घरात उठली, धावण्याचे बूट काढले आणि एका हातानं नाडी बांधायला लागली. जमेना. ठकी चुलीपाशी बसून बघत होती, तिच्यानं उठवेना. शेवटी राही खाली बसली आणि तिनं दोन्ही नाड्या बांधल्या.

"डॉक्टरनं पळू नको सांगितलंय," ठकी म्हणाली.

"पळत नाही. चालते," प्रगती म्हणाली.

दोघी रस्त्यावर आल्या. प्रगती इतकी भराभर चालत होती की राहीलाही पावलं लांब टाकावी लागली. मोहाच्या झाडांपर्यंत गेल्यावर ती थांबली आणि झाडाला पाठ टेकून रडली. आवाज न करता, बराच वेळ. राहीला तिथून पळून जावंसं वाटलं. आश्रमशाळेतून निघाली होती, सासरहून निघाली होती, तसंच पाय आपोआप वळायला लागले होते. रस्ता समोर मोकळा होता. ती एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत येरझारा घालत राहिली, पण गेली नाही.

"मला तो खेळ आवडायचा," प्रगती शेवटी म्हणाली. "वसतिगृहातल्या मुली म्हणायच्या, भरती जवळ आलीय, आता नको जाऊस. मीच म्हटलं, एवढा एक सामना. मी तुला दोष देत नाही असं नाही. देते. पण त्या दिवशी मला कुणी ओढून नेलं नव्हतं."

"माझे हात आता चालत नाईत," राही म्हणाली. तिनं हे कुणालाच सांगितलं नव्हतं. "मागच्या सामन्यात तिघी सुटल्या. तुझा आवाज येतो कानात."

"मी ओरडले नव्हते."

"हाडाचा."

प्रगतीनं नाक पुसलं. "म्हणजे माझंही गेलं आणि तुझंही गेलं. मग उपयोग काय झाला?" ती चिडून म्हणाली आणि घराकडे चालायला लागली.

त्या दिवसापासून दोघी रोज सकाळी चालायला लागल्या. आधी पाणी, मग रस्ता. पाचवा सामना राहीनं चुकवला. शीलाचा फोन आला तेव्हा माळावरून नुसता वारा ऐकू येत होता आणि शीला ओरडत होती, "बारा जणी घेऊन खेळले मी. बारा. चौदा-बारानं गेला सामना. तू असतीस तर?" राहीनं ऐकून घेतलं. आपल्यावाचून कुठे काही अडलं, असं तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. रागावूनही नव्हतं म्हटलं. फोन ठेवल्यावर ती दुपारभर अस्वस्थ होती, पण ही अस्वस्थता निघून जाण्याची नव्हती, परत जाण्याची होती. तिला दोन्हीतला फरक उमगायला वेळ लागला.

होळीला प्रगतीचा बाप आला. त्यानं राहीला बघून ठकीला विचारलं, "ही कोण?" ठकी म्हणाली, "पाणी भरते आपलं. खोडाळ्याची हाय." बास, तेवढंच. होळी पेटली, पाडा दोन दिवस नाचला, आणि तिसऱ्या दिवशी राहीनं निघायचं ठरवलं. ठकीनं तिच्या गाठोड्यात नागलीचं पीठ बांधून दिलं.

प्रगती रस्त्यापर्यंत आली. "शेवटचा सामना आमच्याशी आहे ना?" तिनं विचारलं. "जव्हारला?"

"हो."

"मी येणार आहे बघायला. आमच्या पोरींना हळू धरलंस ना, तर मला राग येईल. मला मोडलंस आणि त्यांना फुलासारखं धरणार का?"

राहीनं गाठोडं खांद्यावर घेतलं. खोडाळ्याला पोचल्यावर गाठोडं घरात टाकून ती तशीच वामनदादाकडे गेली. त्यानं भाताच्या तुसानं भरलेलं पोतं झाडाला टांगलं आणि ती ते पोतं रोज शंभर वेळा पाडायला लागली. पहिले तीन दिवस हात सैल पडत होते. चौथ्या दिवशी पोतं फाटलं. वामनदादानं दुसरं आणलं.

जव्हारच्या मैदानावर उन्हानं जमीन भाजत होती. प्रगती जव्हारच्या पोरींमध्ये बसली होती. झोळी निघाली होती, पण हात अजून ती जपून धरत होती. पहिल्या पाच मिनिटांत जव्हारची एक दणकट पोरगी सरळ राहीच्या अंगावर आली. राहीच्या कानात तो आवाज आलाही. पण पाय तिरपे निघाले होते, खांदा खाली गेला होता, आणि तिनं हात आवळले. दोघी धाडकन पडल्या. दणकट पोरगी उठली, धूळ झटकली आणि पायानं चेंडू मागे ढकलला. काही झालं नव्हतं. राही क्षणभर तिच्या खांद्याकडे बघत राहिली. शीला ओरडली तेव्हा भानावर आली.

त्या दिवशी तिनं सत्तावीस पकडी केल्या. वामनदादानं मोजल्या होत्या. एकही सुटली नाही. तरी खोडाळा हरला, अठरा-सोळा; शेवटची लाथ खांबाला लागून बाहेर गेली. सहा सामने, एक विजय, चारांत चौथा नंबर. शीला मैदानावरच पाय पसरून बसली आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी बघू." वामनदादा रेघांकडे बघत पुटपुटला की चुना फार पातळ कालवलाय.

प्रगती राहीजवळ आली. दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

"गोळा उचलायला दोन महिने लागतील अजून," प्रगती म्हणाली. "पण पळायला परवानगी दिलीय डॉक्टरनं. एकटीनं पळताना वेग पडतो माझा."

"मी उद्या भट्टीवर जाते आईकडे," राही म्हणाली. "पावसाआधी येते."

"खरंच येशील?"

राहीनं विचार केला. खोटं बोलणं तिला सोपं गेलं असतं. "आले तर सूर्यमाळलाच येईन आधी," ती म्हणाली.

भट्टीवर रामीनं तिला बघितलं तेव्हा ती विटा रचत होती. पोरीच्या कोपरांवर खपल्या, गालावर ओरखडा. "टिकलीस म्हणायची," रामी म्हणाली. राही तिच्याशेजारी विटा रचायला लागली. पंधरा दिवस काम केलं, महिना केलं. मेच्या मध्यावर, आभाळात अजून एक ढगही नसताना, तिचे पाय पुन्हा वळवळायला लागले. तिनं आईला सांगितलं आणि निघाली. या वेळी कुठे जायचं ते तिला माहीत होतं. सूर्यमाळला पोचली तेव्हा प्रगती हातात गोळा घेऊन अंगणात उभी होती. तिनं गोळा खाली ठेवला, बूट घातले आणि नाड्या स्वतःच बांधल्या.

भरतीची पुढची तारीख अजून लागलेली नाही. दोघी पळतात. राही पुढे असते, आणि प्रगती मागून ओरडते की इतकी सुसाट जाऊ नको, मला धाप लागतेय.